बैल गेला, कर्ज राहिले



अमेरिकेतील सबसिडी हा शब्द निघाला की आम्हा कापूसवाल्यांना एकच गोष्ट आठवते. तिकडच्या सरकारने तिकडच्या कापसाला पैसा द्यायचा, त्या जोरावर जगाच्या बाजारात स्वस्त रुई ओतली जायची आणि इकडे आमच्या कोरडवाहू कापसाचा भाव पडायचा. ब्राझीलने या प्रकाराविरुद्ध २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली आणि जिंकून दाखवली. पण आज आम्हाला त्या सबसिडीबद्दल बोलायचे नाही. त्याच देशात आणखी एक सबसिडी आहे. ती शेतकऱ्याला मिळत नाही, मजुराला मिळत नाही, शाळेला मिळत नाही. ती मिळते अब्जाधीशांना, आणि तीही खेळाची मैदाने बांधायला.

तुम्ही म्हणाल, आम्ही मेळाव्याला आलो भाकरी बांधून, आणि हे काय अमेरिकेचे मैदान उकरून बसले? थोडे थांबा. गोष्ट पुरी ऐका. माणसे परकी वाटतील, गोष्ट परकी वाटणार नाही.

रात्रीतून गेलेला संघ

अमेरिकेत फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू हातात धरून धडका देत पळायचे, असा तो खेळ. त्याचे वेड तिकडे आपल्या क्रिकेटइतके आहे. प्रत्येक मोठ्या शहराचा एक संघ. संघाला नाव शहराचे, जयजयकार शहराच्या नावाचा. मालक मात्र एक धनवान माणूस.

बाल्टिमोर शहराचा असा एक संघ होता, कोल्ट्स. तीस वर्षे शहराने त्याला डोक्यावर घेतले होते. मालकाला नवे मैदान हवे होते आणि ते शहराच्या पैशातून हवे होते. बोलणी लांबली. मालक संघ पळवणार अशी कुणकुण लागली तेव्हा मेरीलँड राज्याच्या विधिमंडळाने संघ सरकारी ताब्यात घेण्याचा कायदा हाती घेतला. मालकाने तेवढीही वाट पाहिली नाही. २८ मार्च १९८४ च्या रात्री, बर्फ पडत असताना, सामान वाहणाऱ्या मालमोटारी आल्या. टोप्या, गणवेश, कागदपत्रे, सगळे भरले आणि सकाळ व्हायच्या आत संघ इंडियानापोलिस शहराच्या वाटेला लागला. तिथे छत असलेले नवे मैदान आधीच जवळजवळ बांधून होत आले होते. त्यासाठी लोकांच्या हॉटेलातल्या जेवणावर एक टक्का कर बसवला होता. नवरदेव ठरायच्या आत मांडव घातलेला!

पुढे ऐका. ज्या बाल्टिमोरने हे दुःख सोसले, त्याने काय केले? अकरा वर्षांनी, नोव्हेंबर १९९५ मध्ये, त्याच शहराने क्लीव्हलंड शहराचा ब्राउन्स हा संघ सरकारी पैशाच्या मैदानाचे आमिष दाखवून ओढून आणला. संघ जाणार ही घोषणा झाली ६ नोव्हेंबरला. आणि दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलंडच्या जनतेने मतदान करून दारू-सिगारेटवरचा कर वाढीव मुदतीसाठी मान्य केला. कशासाठी? त्याच संघाचे जुने मैदान दुरुस्त करून देण्यासाठी! लोक पैसे मोजायला रांगेत उभे होते आणि मालकाचा सौदा दुसरीकडे होऊन गेला होता.

एवढ्यावर क्लीव्हलंड शहाणे झाले काय? नाही. संघाचे नाव आणि रंग तेवढे त्यांनी भांडून राखले, पुन्हा लोकांच्या पैशातून मैदान उभारले, १९९९ साली त्या नावाचा नवा संघ मिळवला. पंचवीस वर्षे गेली आणि नव्या मालकाला तेही मैदान जुने वाटू लागले. आता शेजारच्या ब्रुक पार्क गावात छताचे नवे मैदान बांधायचे ठरले असून ओहायो राज्याने २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ६० कोटी डॉलर दिले. कोणत्या खात्यातून? बँकांत आणि विमा कंपन्यांत लोकांचे जे पैसे बेवारस पडून राहतात आणि राज्याकडे सांभाळायला येतात, त्यातून. विसरलेल्या लोकांचा पैसाही मालकाला आठवला.

इंडियानापोलिसचे काय झाले म्हणाल, तर ज्या मैदानासाठी ती रात्र घडली ते मैदान २००८ साली, फक्त चोवीस वर्षांत, पाडले. त्याच्या शेजारी ७२ कोटी डॉलरचे नवे बांधले. त्यातले साधारण १० कोटी संघाने घातले. बाकीचे कोणी घातले ते सांगायला नको.

विकणारा एक, गिऱ्हाईके अनेक

असे का होते? तिकडची माणसे मूर्ख आहेत म्हणून? मुळीच नाही. बाजाराची मांडणीच तशी केली आहे.

आपल्याकडे १९७२ साली सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी ज्यांनी भोगली, त्यांना हे चटकन कळेल. विकणारे लाखो, घेणारा एक. मग केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा लागतात, प्रत कोणती ते घेणारा ठरवतो आणि चुकारा कधी मिळेल हेही तोच ठरवतो. तिकडे हेच उलटे करून ठेवले आहे. विकणारा एक, घेणारी शहरे अनेक. या फुटबॉलचे मालक एकत्र येऊन एक मंडळ चालवतात. देशभरात संघ किती असावेत ते हे मंडळ ठरवते. संघ आहेत ३२. नवा संघ शेवटचा दिला तो २००२ साली. शहरे वाढली, लोकसंख्या वाढली, संघ वाढत नाहीत. दुसऱ्या कोणी उठून आपला संघ काढला आणि म्हटले की आम्हालाही खेळू द्या, तर दार बंद.

बेसबॉल हा त्यांचा दुसरा मोठा खेळ. त्याला तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ सालीच मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट देऊन टाकली. अमेरिका म्हणजे खुल्या बाजाराचे माहेरघर असे आम्हाला सांगितले जाते. त्या माहेरघरात ही मक्तेदारी शंभर वर्षे सुखाने नांदते आहे.

टंचाई मुद्दाम कशी राखतात त्याचा एक दाखला. लॉस एंजलिस हे अमेरिकेतील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. तिथले दोन्ही फुटबॉल संघ १९९५ साली निघून गेले. त्यानंतर २०१५ पर्यंत एवढे मोठे शहर संघावाचून रिकामे राहिले. धंद्याच्या दृष्टीने हा वेडेपणा वाटेल. पण मालकांना तो परवडत होता, कारण देशातल्या कोणत्याही शहरात जाऊन म्हणता येत होते, 'मैदान देता का, की जाऊ लॉस एंजलिसला?' रिकामे शहर हा सगळ्या मालकांचा मिळून एक चाबूक होता.

सेंट लुईसचा हिशेब

त्या चाबकाचा सर्वांत जोराचा फटका कोणाला बसला ते पाहू. मिसुरी राज्यात सेंट लुईस हे शहर आहे. त्याचा फुटबॉल संघ १९८८ साली ॲरिझोनाला निघून गेला. शहराला चैन पडेना. मग राज्य, शहर आणि परगणा या तिघांनी कर्जरोखे काढून छताचे मोठे मैदान बांधले. त्या मैदानाच्या जोरावर १९९५ साली लॉस एंजलिसचा रॅम्स हा संघ आणला. कर्जफेडीसाठी राज्याने वर्षाला १ कोटी २० लाख डॉलर, शहराने ६० लाख आणि परगण्याने ६० लाख द्यायचे होते.

करारात एक कलम होते. देशातल्या सगळ्या मैदानांत हे मैदान वरच्या पाव हिश्शात राहिले पाहिजे. ठरलेल्या मुदतीला ते तसे नसेल, तर संघाला करारातून मोकळे होता येईल. म्हणजे काय, शेतकऱ्याला समजेल असे सांगतो. सालदार ठेवताना त्याने लिहून घ्यावे की तुमचा वाडा पंचक्रोशीत पहिल्या चारांत राहिला पाहिजे. शेजाऱ्याने माडी चढवली की तुम्हीही चढवा, नाहीतर मी निघालो, आणि वाड्यावरचे कर्ज तुमचे तुम्ही फेडा. असा करार आमच्यातला अडाणी माणूससुद्धा करणार नाही. तिथे शिकलेल्या वकिलांनी आणि पुढाऱ्यांनी केला.

व्हायचे तेच झाले. मैदान जुने झाले. संघाने सुमारे ७० कोटी डॉलरच्या दुरुस्त्या मागितल्या. लवादाने करारावर बोट ठेवून संघाच्या बाजूने निकाल दिला. शहराने एवढा पैसा घालायचे नाकारले आणि जानेवारी २०१६ मध्ये मालकांच्या मंडळाने ३० विरुद्ध २ मतांनी संघाला लॉस एंजलिसला परत जायची परवानगी दिली. संघ गेला. कर्जाचे हप्ते मात्र त्यानंतरही काही वर्षे चालूच होते. बैल दुसऱ्याच्या दावणीला, आणि त्याच्या खरेदीचे कर्ज आमच्या सातबाऱ्यावर!

आणि गंमत अशी की त्याच मालकाने लॉस एंजलिसजवळ जे अवाढव्य मैदान बांधले, ते जवळजवळ सगळे खाजगी पैशातून बांधले. म्हणजे पैसा नव्हता असे नाही. जिथे कमाई दिसत होती तिथे स्वतःचा घातला, जिथे दुसरा घालायला तयार होता तिथे दुसऱ्याचा वापरला.

सेंट लुईसने कोर्टात मात्र सोडले नाही. मंडळाने स्थलांतराचे स्वतःचेच नियम मोडले असा दावा लावला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. त्यातला तिसरा हिस्सा वकिलांच्या फीत गेला. तरी लढले म्हणून एवढे पदरात पडले, हे विसरता कामा नये.

फायदा कोणाच्या खिशात?

मैदान मागताना सगळीकडे एकच पाढा म्हटला जातो. रोजगार मिळेल, व्यापार वाढेल, हॉटेले भरतील, शहराचे नाव होईल. तिकडच्या अर्थशास्त्रज्ञांनी या पाढ्याचा हिशेब तीस वर्षांहून अधिक काळ मांडला आहे. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट यांनी १९९७ साली त्यावर एक जाडजूड पुस्तकच संपादित केले. एरवी दोन अर्थशास्त्रज्ञांचे एकमत होत नाही, पण इथे जवळजवळ सगळे म्हणतात की मैदानावर घातलेला सार्वजनिक पैसा परत येत नाही.

कारण साधे आहे. जत्रेच्या दिवशी गावातल्या माणसाने पाळण्यावर पन्नास रुपये घातले, तर ते त्याने कुठेतरी दुसरीकडे घातले असते ते कमी झाले. गावात पैसा वाढला नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. मैदानाचेही तसेच. पूर्वी तो पैसा गल्लीतल्या खानावळीत जात होता, आता तो मालकाच्या मैदानातल्या दुकानात जातो. फुटबॉलच्या मैदानावर घरचे सामने वर्षातून आठ-नऊच होतात. बाकी दिवस तिथे पहारेकरी आणि झाडूवाला. आणि तिकिटाची किंमत अशी की ज्याच्या करातून मैदान झाले तो घरी टीव्हीपुढे बसून सामना पाहतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

बरे, हा बोजा त्या शहरापुरताही राहत नाही. शहराने मैदानासाठी काढलेल्या रोख्यांच्या व्याजावर केंद्राचा प्राप्तिकर नसतो. ब्रुकिंग्ज या संस्थेच्या अभ्यासकांनी २०१६ साली हिशेब काढला. २००० सालानंतर बांधलेल्या ४५ मोठ्या मैदानांपैकी ३६ मैदानांना अशा करमुक्त रोख्यांचा पैसा लागला होता, आणि त्यापायी केंद्राने ३२० कोटी डॉलरची सबसिडी दिल्यासारखे झाले. म्हणजे टेक्ससमधला कापूसवाला, ज्याने तो संघ कधी पाहिलाही नाही, तोसुद्धा त्या मैदानाची वीट वाहतो आहे.

कापसाचा विषय निघाला म्हणून सांगतो. ओकलंड शहराचा ॲथलेटिक्स हा बेसबॉलचा संघ. त्याच्या मालकाच्या आईवडिलांनी १९६९ साली गॅप या नावाने जीनचे कपडे विकायचे दुकान काढले आणि त्याचा जगभर पसारा झाला. कोणत्या तरी मुलखातल्या कापसावरच ही माडी चढली. या संघासाठी नेवाडा राज्याच्या विधिमंडळाने २०२३ साली ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा मंजूर केला. लास वेगासमध्ये मैदान उभे राहायचे आहे. २०२४ च्या सप्टेंबरात ओकलंडचा शेवटचा सामना झाला आणि छप्पन्न वर्षांचा संसार मोडला. लोक मैदानातली मूठभर माती घरी घेऊन गेले. नेवाडातील शिक्षकांच्या संघटनेने विचारले होते की शाळांना पैसा नाही आणि मैदानाला कसा आहे? त्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. असे प्रश्न विचारणाऱ्यांना खेळाचे वैरी ठरवणे सोपे असते.

एका गावाच्या नकाराने भागत नाही

मग लोकांनी नाही म्हणावे, एवढे सोपे आहे काय? कॅन्सस सिटीची हकीकत ऐका. हे महानगर दोन राज्यांच्या शिवेवर वसले आहे. एका अंगाला मिसुरी, दुसऱ्या अंगाला कॅन्सस. कॅन्सस म्हणजे अमेरिकेतील ज्वारीचे पहिले राज्य. तिकडे ज्वारी भाकरीला नव्हे, जनावरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जाते, एवढाच फरक. तिथला चीफ्स हा फुटबॉल संघ मिसुरीच्या बाजूला खेळतो. एप्रिल २०२४ मध्ये मिसुरीकडच्या जॅक्सन परगण्यात मतदान झाले. मैदानांसाठी विक्रीकर आणखी चाळीस वर्षे द्यायचा काय? ५८ टक्के लोकांनी स्वच्छ 'नाही' म्हटले.

अडीच महिन्यांत शिवेपलीकडचे कॅन्ससचे विधिमंडळ तातडीने बसले आणि त्या भागातला वाढीव विक्रीकर रोख्यांच्या फेडीसाठी लावून देण्याचा कायदा मंजूर केला. डिसेंबर २०२५ मध्ये संघाने जाहीर केले की कॅन्ससमध्ये नवे मैदान बांधून आम्ही पलीकडे जाणार. शहर तेच, माणसे तीच, फक्त शीव ओलांडली. मिसुरीच्या लोकांनी मताने दार लावले, आणि शेजाऱ्याने खिडकी उघडून दिली.

आम्हाला या सगळ्यातून एकच गोष्ट दिसते. मालकाची ताकद त्याच्या पैशात नाही. ती गावागावांच्या फुटीत आहे. बाल्टिमोर लुटले गेले आणि त्याने क्लीव्हलंडला लुटले. मिसुरी नाही म्हणाले आणि कॅन्ससने हो म्हटले. 'द्या नाहीतर चाललो' या धमकीला जोर येतो तो जाणाऱ्याच्या पायांतून नाही, त्याला घ्यायला पुढे आलेल्या शेजाऱ्याच्या हातांतून येतो. सगळ्या गावांनी मिळून सांगितले असते की मैदान तुझे, खर्च तुझा, तर बत्तीस मालक बत्तीस संघ घेऊन चंद्रावर गेले असते काय?

गाव करी ते राव न करी

आता एक दुसरी गोष्ट, नाहीतर तुम्ही म्हणाल की नुसते रडगाणे गायले. विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचे गाव आहे. लोकवस्ती लाखभर. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. तेवढ्या गावाचा पॅकर्स हा फुटबॉल संघ १९१९ पासून तिथेच आहे आणि मोठमोठ्या शहरांना हरवतो. त्याला कोणी पळवून नेले नाही. का नाही? कारण त्याला मालक नाही. १९२३ साली अडचण आली तेव्हा गावाने वर्गणीसारखे भाग विकत घेतले. पुढेही अडचण आली तेव्हा तेच केले. आज त्याचे पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. भागावर लाभांश मिळत नाही, भाग बाजारात विकता येत नाही आणि कोणा एकाला ठरावीक मर्यादेपलीकडे भाग घेता येत नाहीत. संघ कधी विकलाच, तर पैसा धर्मादायाला जाईल. मग पळवून नेण्यात कोणाचा फायदा? आमच्या जत्रेतला कुस्तीचा फड लोकवर्गणीतून भरतो, तो कोणी उचलून दुसऱ्या गावी नेऊ शकतो काय?

खरे ते सांगितले पाहिजे. ग्रीन बेनेही मैदान वाढवायला लोकांचा पैसा घेतला. पण २००० साली आधी मतदान घेतले, अर्धा टक्का विक्रीकर लावला आणि २०१५ साली काम झाल्यावर तो बंद केला. संघ दरवर्षी आपला हिशेब लोकांपुढे ठेवतो. दुसऱ्या मालकांचे हिशेब कोणाला दिसत नाहीत. आणि म्हणूनच मालकांच्या मंडळाने नियम केला आहे की यापुढे कोणत्याही संघाची मालकी अशी गावाची असता कामा नये, एका मुख्य मालकाकडे मोठा हिस्सा हवाच. ग्रीन बेचा संघ जुना म्हणून तेवढा वाचला. जी गोष्ट चालते तिचीच बंदी! यावरून ती का चालते ते ओळखावे.

आमचे चार प्रश्न

आम्ही खेळाच्या विरोधात नाही. शंकरपट पाहायला दहा कोस चालत जाणारी आमची माणसे. २०१६ च्या दुष्काळात मैदानावर पाणी मारू नये म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले आणि ते गेले. त्यामुळे आमच्या विहिरी भरल्या नाहीत, हेही आम्ही पाहिले. खेळाला शिव्या घालून काही हाती लागत नाही. पण सगळ्यांची वस्तू, मग ती पाणी असो की पैसा, एकाच्या कमाईला लावायची असेल तर सगळ्यांपुढे हिशेब ठेवावा लागेल.

उद्या तुमच्या तालुक्यात कोणी येईल. मैदानवाला असेल, कारखानदार असेल, नाहीतर आणखी कोणी. जमीन द्या, वीज द्या, कर माफ करा, नाहीतर शेजारच्या जिल्ह्यात जातो म्हणेल. तेव्हा ग्रामसभेत उभे राहून चार प्रश्न विचारा. तुझा स्वतःचा पैसा किती? नफा झाला तर आमचा वाटा किती? तू निघून गेलास तर कर्ज कोणाच्या नावावर राहील? आणि शेजारच्या गावाला तू काय सांगितले आहेस?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडून मिळणार नाही. ते शेजारच्या गावी जाऊन आणावे लागेल. आजच्या मेळाव्याला आठ तालुक्यांची माणसे आली आहेत. जेवायला बसाल तेव्हा आपल्या गावच्या माणसाशेजारी बसू नका.